आत्याबरोबर हंपीत

धुळ्याहून मैत्रिणीचं पत्र आलं तेव्हा मी जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर पोहे परतत होते. पत्र वाचता वाचता पोहे लागले. तिचं लग्न ठरलं होतं, साखरपुडा नेमका नाताळच्या सुट्टीत होता आणि त्यामुळे तिला हंपीला येता येणार नव्हतं. "मुलाकडचे चांगले आहेत गं," असं तिनं दोनदा लिहिलं होतं. मला राग येणार हे तिला ठाऊक होतं.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते आणि जळगावात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. पुस्तकात विजयनगरवर दीड पान होतं आणि दगडी रथाचं एक चित्र होतं. ते इतकं काळपट छापलेलं, की मुली विचारायच्या, "बाई, हा रथ आहे की बैलगाडी?" मलाही छातीठोक सांगता यायचं नाही. धुळ्याला बी.एड. करताना ही मैत्रीण आणि मी होस्टेलच्या एकाच खोलीत राहायचो, तेव्हाच आमचं ठरलं होतं की पहिली मोठी सुट्टी मिळाली की हंपी. धर्मशाळेत उतरायचं नाही, कुणा नातेवाइकाचा पत्ता खिशात ठेवायचा नाही. जळगाव स्टेशनावर अजिंठ्याला जाणारे परदेशी उतरतात, तसं पाठीला सॅक लावून जायचं.

त्या रविवारी सावद्याला घरी गेले आणि जेवताना सांगून टाकलं, "मी एकटीच जाते."

आईचा वाढता हात थांबला. वडील म्हणाले, "एकटी? कर्नाटकात?" दरसाल त्यांची केळी वॅगनीत बसून दिल्लीला जायची आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. पण केळी जाणं वेगळं आणि मुलगी जाणं वेगळं.

चुलीपाशी आत्या भाकरी थापत होती. ही वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर सहाव्या वर्षी नवरा गेला, ती माहेरी आली, आणि तेव्हापासून दोन एकर केळीची बाग तिच्या नावावर आणि तिच्याच हातात होती. गावात लहानथोर तिला अक्का म्हणत. तेव्हा ती चोपन्न वर्षांची असेल. जळगाव-भुसावळच्या पलीकडे ती फारशी गेलेली नव्हती.

"तिथं देवयं हायेत ना?" तिनं मान वर न करता विचारलं. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. देवळांची देवयं होतात आणि केळीची केयी.

"हायेत. शेकड्यानं हायेत."

"मंग मी जाते हिच्यासंगं."

वडील घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. "अक्का, तू? आन बागेले पानी कोन भरीन?"

"तू भर. तुले काय हात नही का?"

थोरल्या बहिणीपुढे वडिलांचं कधी काही चाललेलं नव्हतं. विषय तिथंच मिटला. मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर अर्धी सुटका आणि अर्धा हिरमोड. हंपी मिळत होती, पण सॅक लावून मोकळं भटकायचं जे चित्र मी दोन वर्षं रंगवलं होतं, त्यात नऊवारीतली आत्या कुठंच नव्हती.

मैत्रिणीचा भाऊ डोंगर चढायला जायचा. त्याच्या दोन सॅक तिनं धुळे-जळगाव बसच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिल्या. एक मिलिटरी रंगाची आणि एक भगभगीत नारिंगी. आत्यानं दोन्ही उचलून पाहिल्या, नारिंगी उलटी करून झटकली आणि म्हणाली, "ही मले. हिच्यात दोन पायल्या जवारी मावीन." तिनं त्यात दोन लुगडी, दशम्या, लसणाची चटणी, शेव आणि शेंगदाण्याचे लाडू भरले. पितळी तांब्या आत मावेना, तो बाहेरच्या पट्ट्याला बांधला. चालताना तो पट्ट्याच्या कडीवर आपटून ठण् ठण् वाजायचा.

भुसावळ स्टेशनावर तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, त्याचं टोक कमरेला खोचलं आणि दोन्ही पट्ट्यांत हात घालून सॅक पाठीवर घेतली. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. एक हमाल पुढे झाला. "मावशी, द्या इकडं, मी घेतो."

"पाठीवर घेतलं हाये ना बाप्पा? तू दुसरं गिऱ्हाईक पाहाय."

पोचवायला आलेले वडील हसू दाबत दुसरीकडे बघत होते. मी मात्र लाजेनं चूर झाले होते.

गाडीत मी वाचनालयातून उतरवून आणलेल्या टिपणांची वही काढली. कुठलं देऊळ कधी बांधलं, कुठं आधी जायचं, कुठल्या टेकडीवरून काय दिसतं, सगळं मी तारखेवार लिहिलं होतं. आत्यानं दशम्यांचा डबा उघडला. सोलापूर यायच्या आत गाडीच्या डब्यातल्या प्रत्येकाला किती मुलं आहेत आणि कुणाचा जावई दारू पितो हे तिला ठाऊक झालं होतं. गुंतकलला आम्ही उतरलो, तिथून छोट्या गाडीनं होस्पेट आणि तिथून बस. बसमध्ये कानडीशिवाय काही ऐकू येईना. आत्यानं शेजारच्या बाईच्या मांडीवर आपला तांब्या ठेवला, त्या बाईनं आपलं बोचकं आत्याच्या मांडीवर ठेवलं, आणि दोघी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग दगड सुरू झाले. घराएवढे, हत्तीएवढे, एकावर एक तोललेले, आता पडतील असे वाटणारे आणि न पडणारे गुलाबी-करडे दगड. मी वही मिटली. इतकं काही असेल असं कुठल्याच टिपणात नव्हतं. आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"ह्या दगडांच्या राशी कोनं लावल्या व?"

"आपोआप झाल्या, आत्या."

"हाट! आपोआप उकिरडाबी होत नही."

विरूपाक्षाच्या देवळासमोरच्या लांबलचक रस्त्यामागं एका बाईनं आपल्या घराच्या अंगणात तीन खोल्या काढल्या होत्या. त्यातली एक आम्हाला मिळाली. चुन्याच्या निळ्या भिंती, दोन खाटा, वर मच्छरदाणी. बाकीच्या दोन खोल्यांत परदेशी पोरंपोरी. त्यांच्यात तिशीची एक उंच बाई होती. कुठल्याशा थंड देशात ती नर्स होती आणि चार महिने एकटीच हिंडत होती. उन्हानं तिचं नाक सोललं होतं. तिनं आत्याला पाहून वाकून नमस्कार केला. आत्यानं तिला आशीर्वाद दिला आणि लगेच खोबरेल तेलाची बाटली काढून तिच्या नाकाला बोट लावलं. ती बाई डोळे मिटून शांतपणे उभी राहिली. मी घाईघाईनं इंग्रजीत माफी मागायला लागले, तर ती म्हणाली, माफी कशाची, फार बरं वाटतंय.

पहिले दोन दिवस मी वहीप्रमाणे चालायचा प्रयत्न केला. पण आत्याला घेऊन वहीप्रमाणे चालणं अवघड होतं. विरूपाक्षाला ती हात जोडून आली, दर्शन दोन मिनिटांत झालं, आणि मग हत्तीपाशी तास गेला. हत्तीच्या पुढ्यात केळी होती, म्हणून. राणीच्या स्नानगृहात मी कमानी बघत होते, ती पाणी कुठून आत यायचं आणि कुठून बाहेर जायचं ते शोधत होती. दगडी पन्हाळी सापडल्या तेव्हा तिनं मला हाक मारून बोलावलं आणि पन्हाळीतून हात फिरवत म्हणाली, "पाहाय कसा उतार दिला! आपल्या गवंड्याले इथं आनून उभा केला पाह्यजे."

विठ्ठलाच्या देवळात मी एकदाची रथापाशी पोचले. बैलगाडी नव्हती, रथच होता. चाकांवर फुलं कोरलेली, पुढे दोन छोटे हत्ती. मी त्याच्याभोवती तीनदा फिरले. आत्या आत गाभाऱ्यात जाऊन आली आणि पायरीवर बसली.

"इठ्ठल कुठी हाये?"

"आता नाही आत्या. मूर्तीच नाही."

तिनं थोडा विचार केला. "मानूस घरी नही आन आपन त्याच्या ओसरीवर बसलो, असं झालं. बसू घटकाभर." आणि खरंच ती तासभर तिथं बसली, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत, पाहुणी बसावी तशी. माझ्या वहीतली त्या दिवशीची तीन देवळं राहून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा तोल सुटला. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक खानावळ होती. वर झावळ्यांचं छप्पर, खाली चटया, आणि भिंतीवर इंग्रजीत रंगवलेली पदार्थांची यादी. सगळे परदेशी तिथं सकाळी केळं घातलेलं जाडसर धिरडं खायचे. त्याला बनाना पॅनकेक म्हणायचे. आत्यानं केळ्याचं नाव ऐकलं आणि मागवलं. एक तुकडा खाल्ला, बोटानं आतलं केळं दाबून पाहिलं आणि उठली. मी थांब थांब म्हणेपर्यंत ती थेट स्वयंपाकघरात.

आतून तिचा आवाज आला, "केयं कच्चं हाये. आजून दोन दिस पिकू द्यायचं, मंग वरून साखर टाकायचं काय काम?" खानावळवाला कानडीत काहीतरी म्हणत होता. ती एक फणी हातात धरून बाहेर आली आणि सगळ्या चटयांसमोर, देठापाशी केळं कसं दाबून बघायचं ते दाखवायला लागली. परदेशी हसत होते, मजेत, एकानं टाळ्यापण वाजवल्या. मला मात्र ते सगळे आम्हाला हसतायत असं वाटलं.

"आत्या, पुरे झालं," मी म्हणाले. "आपण इथं केळी बघायला आलेलो नाही. ती रोज बघतेसच ना घरी? तुझ्यामुळे माझं काहीही बघून होत नाहीये."

हे मी शाळेतल्या मराठीत बोलले. घरी आम्ही एकमेकींशी तसं बोलत नाही. त्यामुळे ते जास्तच लागलं असणार. तिनं फणी खाली ठेवली.

"खरं हाये," ती म्हणाली. "तू जाय. तुले जे पाह्याचं ते पाहून ये. मी बसते."

मी गेले. आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन तास मी अगदी सुखात होते. माझ्या चालीनं चालले. मातंग टेकडीवर चढले, वर वारा खात बसले, खाली सगळं उजाड नगर पसरलेलं, मधून हिरवी पट्टी आणि नदी. अच्युतरायाच्या देवळातल्या खांबांवरची माकडं मोजली, एक चित्र काढायचा प्रयत्न केला. दुपार झाली तशी भूक लागली, आणि सवयीनं मी दशमीसाठी मागं हात केला. मागं कुणी नव्हतं. मग "मी बसते" म्हणतानाचा तिचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. भराभर उतरून मी खोलीवर आले.

खोलीला कुलूप होतं. खानावळीत नव्हती. देवळात हत्तीपाशी नव्हती. घाटावर धावत गेले, बायका धुणं धूत होत्या, त्यांच्यात नव्हती. नदीचं पाणी दगडांतून जोरानं वाहत होतं. तिला कानडी येत नव्हती, हिंदी जेमतेम, आणि खोलीचा पत्ता काही तिला सांगता आला नसता. वडिलांना काय सांगू? घाटाच्या पायऱ्यांवर मी रडकुंडीला येऊन उभी होते, तेव्हा ती नर्सबाई ओले केस पुसत वर आली. मी तुटक्या इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "मी पाहिलं तिला. कालव्याच्या काठानं चालली होती, झपझप. मला वाटलं, तिला कुठं जायचंय ते माहीत आहे."

ती माझ्याबरोबर निघाली. कालवा बाजारामागून जात होता, जुन्या काळचा, दगडी काठांचा. जरा पुढे गेलो आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी लागल्या. टेकडीवरून दिसलेली हिरवी पट्टी ती हीच. आत गारवा होता आणि ओल्या मातीचा वास. मी हाका मारत चालले होते. तेवढ्यात पानांआडून तिचा आवाज आला. चढलेला, ठणठणीत, बांधावरून गड्याला बोलताना असतो तसा.

"अवं, एवढे मुनवे ठेवशीन तं घड काय पोसीन?"

आत्या घोट्यापर्यंत चिखलात उभी होती. लुगडं वर खोचलेलं, हातात कोयता. तिच्यासमोर तिच्याच वयाची, तिच्यासारखीच काळीसावळी आणि काटक एक बाई कमरेवर हात ठेवून कानडीत तितक्याच चढ्या आवाजात उत्तर देत होती. वाद केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांवरून होता. त्यांनाच आम्ही मुनवे म्हणतो. आत्याचं म्हणणं, एक ठेवून बाकी कापून टाक. त्या बाईचं म्हणणं, नाही, आमच्याकडे असंच. दोघी एकमेकींचा एक शब्दही समजत नसताना अगदी मुद्द्याला धरून भांडत होत्या.

आत्याची नजर माझ्यावर पडली. सकाळचं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"जेवली का तू?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि मला रडूच फुटलं. ती चिखलातून बाहेर आली, कोयता खाली टाकून मातीच्या हातांनी तिनं माझे गाल पुसले, त्यामुळे मी आणखीच माखले. ती कानडी बाई काहीतरी बोलत जवळ आली आणि तिनं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अक्का," म्हणाली, आणि माझ्याकडे बोट करून विचारल्यासारखं बघितलं.

"आयकलं का?" आत्या माझ्या कानाशी म्हणाली. "इथं आल्यापासून मले अक्का म्हनून ऱ्हायली. मी तं नाव-गाव काहीच सांगतलं नही!"

कानडीत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे मला मागाहून कळलं. आणि अजून एक गंमत झाली होती. कानडीत केळीला बाळे म्हणतात, ते मी बाजारात केळीवालीकडून ऐकलं होतं. ती बाई बागेकडे हात करून पुन्हा पुन्हा "बाळे, बाळे" म्हणायची आणि आत्याला वाटायचं आपल्यालाच लाडानं हाक मारतेय. "चोपन्नाव्या वर्षी मले बाये म्हनते, पाहाय!" असं सांगताना ती लाजली होती. मी तिला अर्थ सांगितल्यावर तिनं कपाळावर हात मारला, आणि मग इतकी हसली की खाली बांधावरच बसली. ती बाई कारण न कळताही तिच्याबरोबर हसायला लागली. मग नर्सबाई, मग मी.

त्या बाईचा नवरा कालव्यावरून आला. त्याला होस्पेटच्या बाजारातली थोडी हिंदी येत होती. त्यानं सांगितलं, की त्यांच्या केळीची जात उंच, बाग वर्षानुवर्षं तशीच राखायची असते, म्हणून पिल्लं ठेवतात. आत्यानं मला तीन-तीनदा विचारून ते नीट समजून घेतलं. मग एका उंच केळीभोवती फिरून आली, वर बघितलं, खाली बघितलं.

"तिचं खरं हाये," ती म्हणाली. "आपली ठेंगनी जात. हिचं झाड येगयं, हिचा हिसाब येगया." आणि त्या बाईकडे बघून तिनं दोन्ही कान धरले.

आम्हाला त्यांनी तसं सोडलं नाही. बागेतच झोपडीवजा घर होतं. ज्वारीची पातळ भाकरी, भरलेली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी. आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जेवताना दोनदा थांबले. एवढ्या लांब येऊन भाकरीच मिळावी, याचा तिला झालेला आनंद रथ पाहून मला झालेल्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

निघताना आत्या म्हणाली, "हिचं जेवन अंगावर ठेवून जायाचं नही. उद्या भरीत करू."

डिसेंबरात आमच्याकडे शेताशेतात भरताच्या पार्ट्या होतात. वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजायची. दुसऱ्या आगीवर भाजलेलं भरीत आत्याच्या लेखी भरीतच नव्हतं. मी म्हटलं, इथं पऱ्हाटी कुठून आणायची? पण त्या शेतकऱ्याला मी हिंदीत आणि हातवारे करून कापूस सांगितला, काडी सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी तो कुठल्याशा मेहुण्याच्या रानातून सायकलीला बांधून भारा घेऊन हजर. मी आणि नर्सबाई बसनं होस्पेटला जाऊन वांगी, हिरव्या मिरच्या, पातीचे कांदे, लसूण, कोथिंबीर घेऊन आलो. वांगी आत्याला पसंत पडली नाहीत. "ही वांगी हायेत का लिंबं?" आमच्याकडची, बामणोद गावची वांगी एकेक अर्ध्या किलोची. पण तिनं ती मांडीवर घेऊन एकेक निवडलं.

पऱ्हाटीचा जाळ भडकला तेव्हा वासानं माझ्या डोळ्यांसमोर एकदम सावदा उभं राहिलं. वांगी फुटायला लागली. दोघी बायका समोरासमोर बसून गरम गरम साली सोलत होत्या, बोटं फुंकत होत्या. त्यांच्या लाकडी उखळीत मिरच्या-लसूण कुटला, मग त्यात वांगी गेली. कुटताना ती बाई काहीतरी गुणगुणायला लागली, कांडपाचं गाणं असावं. ते थांबलं तेव्हा आत्यानं आपलं जात्यावरचं म्हटलं. तिला गाताना मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. आवाज जाडाभरडा होता, पण सुरात पक्का.

जेवायला बारा-तेरा जणं झाली. अंगणातल्या खोल्यांमधले परदेशी, आमची घरमालकीण, शेतकऱ्याच्या घरची माणसं, आणि खानावळवालासुद्धा. त्याला आत्यानं स्वतः जाऊन बोलावलं होतं. ताटं नव्हतीच, ताजी केळीची पानं होती. नर्सबाईनं पहिला घास घेतला, तिचं सोललेलं नाक लालबुंद झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळे थांबून तिच्याकडे बघायला लागले. ती घोटभर पाणी प्यायली, तिनं नाक पुसलं आणि पान पुढे केलं, अजून वाढा म्हणून. आत्यानं वाढलं. खानावळवाल्यानं बोटं चाटून झाल्यावर मला हिंदीत विचारलं, हे मी माझ्या यादीत लिहिलं तर चालेल का? मी आत्याला विचारलं.

"लिह्य म्हना. पन पऱ्हाटी नसीन तं करू नको म्हना."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. सकाळी सॅक भरता भरता आत्या म्हणाली, "आजून दोन दिस ऱ्हायलो तं?" मी तिच्याकडे बघितलं. तिनं आयुष्यात कुणाकडे असं काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. मी जवळच्या कमलापूरच्या पोस्टात जाऊन शाळेला एक आणि घरी एक तार केली. शाळेच्या तारेत आजारपण लिहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी नंतर माझा उन्हानं रापलेला तोंडवळा बघून "कसला हो हा आजार?" एवढंच विचारलं आणि पगार कापला. वडील तार वाचून, आई सांगते, हसून बागेला पाणी भरायला गेले. पुढच्या वर्षी दिवाळी झाली तशी आत्याचा निरोप आला, यंदा कुठी? आणि आम्ही पुढची पाच वर्षं, तिचे गुडघे चालले तोवर, दरसाल कुठं ना कुठं गेलो. मैत्रिणीच्या भावाच्या त्या दोन सॅक मी शेवटी विकतच घेतल्या.

त्या जास्तीच्या दोन दिवसांत मी वही उघडली नाही. त्यातल्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीपलीकडे आनेगुंदीला जायचं ठरवलं. पलीकडे न्यायला बांबूच्या, वर चामडं आणि डांबर लावलेल्या गोल टोपल्या होत्या. मोठी परडीच ती, होडी म्हणायची एवढंच. आत्या काठावर थबकली. आमच्याकडे तापी आहे, पण तिनं ती पुलावरूनच ओलांडलेली.

"हिच्यात बसायचं? ही तं दुरडी हाये."

"चल आत्या. मी हाये ना."

मी आधी बसले आणि हात पुढे केला. तिनं लुगडं आवळलं, देवाचं नाव घेतलं आणि माझा हात इतका घट्ट धरून आत आली की मला माझ्याच बांगड्यांचे वळ उठले. तिच्या पाठोपाठ एक शेळी घेऊन एक म्हातारबा बसला. नावाडीही पांढऱ्या मिशांचा, वयस्कर. मध्यावर गेल्यावर त्यानं आत्याचे मिटलेले डोळे पाहिले, माझ्याकडे बघून मिशीत हसला आणि वल्ह्याचा एक हिसका दिला. टोपली गरकन फिरली. देऊळ, डोंगर, केळीच्या बागा, घाट, पुन्हा देऊळ, सगळं आमच्याभोवती फिरायला लागलं. शेळी बें करून ओरडली. आत्यानं "व माय!" म्हणून किंकाळी फोडली, मग एक डोळा उघडला, मग दुसरा. टोपली हळूहळू थांबत आली.

तिनं माझा हात सोडला, डोक्यावरून घसरलेला पदर तसाच राहू दिला, आणि नावाड्याकडे वळून बोटानं हवेत एक मोठं गोल रिंगण काढलं.

"आजून एकदा, भाऊ," ती म्हणाली. "आता डोये उघडे ठेवते."